के किनवटचा, एल लोह्याचा

लातूर
आषाढ सरत आला

जनाब जिलानीभाई, मुक्काम नांदेड, यांस रामलिंगचा सलाम आणि त्याला जोडूनच शरणार्थ. (दोन्ही ठेवून घ्यावेत. एक घेऊन दुसरा परत करू नये.)

तुमच्या पायाचं प्लास्टर निघाल्याचं कळलं. पाय आता जमिनीला टेकतो का, टेकला तर दुखतो का, आणि दुखलाच तर कुठं, घोट्याच्या आतल्या अंगाला की बाहेरच्या, हे सविस्तर कळवावं. नुसतं "बरा आहे" लिहू नये, त्यावरून काही समजत नाही. गौसियाभाभींना माझा आदाब सांगावा. त्यांच्या हातच्या बगाऱ्या बैंगनची आठवण आमच्या शरणम्मासमोर काढायची मला बंदी आहे, म्हणून इथं लिहून काढतो. तुम्ही माझ्यापेक्षा वयानं थोरले, तेव्हा या पत्रात शेवटपर्यंत "तुम्ही"च लिहायचं असं मी ठरवलं होतं. पण इथवर येईतोच हात अवघडला. तू समजून घे. आणि हातात फोन असताना हा गडी पत्र का लिहितो, असं तुझ्या मनात आलं असेल तर त्याचं कारण एवढंच की फोनवर तू मध्ये बोलतोस.

इकडं सगळं खुशाल आहे. शरणम्माचे गुडघे बरे आहेत, नळाला पाणी ठरल्या दिवशी येतं, दुकान चांगलं चाललंय, कमलाक्का माझ्याशी बोलत नाही आणि पंचमीला माहेरी येणार नाही म्हणते, आणि समोरच्या चहावाल्यानं आता काचेचे ग्लास बंद करून कागदाचे आणलेत. बाकी विशेष काही नाही.

त्यातलं आधी दुकानाचं सांगतो, कारण अक्काचं त्यातूनच निघतं. आपण दोघांनी गोलाईच्या मागं गेमचं दुकान टाकलं तेव्हा काचेच्या कपाटात डिस्का कशा ओळीनं लावलेल्या असायच्या ते तुझ्या डोळ्यापुढं असेलच. (मी "सीडी" लिहिलेलं नाही याकडं लक्ष असू दे. त्या सीडी नव्हत्या. गिऱ्हाइकाला हे सांगता सांगता माझे केस पिकले, तरी लोक सीडीच म्हणत राहिले. मी दुरुस्त करत राहिलो. मशीनही आणि शब्दही.) जुनी आणा, वर थोडे टाका, दुसरी न्या. एक डिस्क अख्ख्या लातुरात फिरायची. साळे गल्लीतून निघाली की बार्शी रोडला जायची, तिथून कुणाच्या मावशीबरोबर औशाला, आणि अंगभर ओरखडे घेऊन पुन्हा माझ्याकडं. मी घासूनपुसून ती चालती करायचो, आणि ते काम मला कुणी शिकवलेलं नव्हतं हे तुला मालूम आहे. आता ते सगळं आटोपलं. कंपन्या डिस्का काढायच्याच बंद करून राहिल्यात. गेम म्हणजे आता पैसे भरायचे आणि तारेतून उतरवून घ्यायचा. कुणाला उसना देता येत नाही, विकता येत नाही, हरवतसुद्धा नाही. गेम खेळायच्या नव्या मशीनला तर डिस्क घालायची फटच ठेवलेली नाही. शरणम्मानं ते मशीन पहिल्यांदा बघितलं तेव्हा चारी बाजूंनी फिरवलं, उलटं केलं, आणि मला विचारलं, "ह्याला तोंड कुठाय? हे खातं कुठून?" इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही इंजिनिअरनं विचारलेला नाही.

तू म्हणशील, रामलिंग बसला. बसला नाही. मशीन खेड्यापाड्यात पोचलंय, पण नेट कुठं पोचलंय? निलंग्याकडच्या पोरानं गेम उतरवायला लावला की आठवडाभर ते मशीन कण्हत पडतं, आणि शेवटच्या घटकेला लाइट जाते. मी काय केलं, दुकानात नेटची जाडजूड लाइन घेतली, इन्व्हर्टर बसवला, आणि बोर्ड लावला. लोक मशीन पिशवीत घालून आणतात, ठेवून जातात, दुसऱ्या दिवशी येऊन नेतात. मी प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावून फळीवर ओळीनं मांडतो. बघणाऱ्याला पिठाची गिरणी वाटावी. लोकही आता "आमचं दळण झालं का?" असंच विचारतात. परवा एकाच्या मशीनमध्ये चुकून दुसऱ्याचा क्रिकेटचा गेम गेला तर तो म्हणाला, "आप्पा, माझ्या गव्हात ज्वारी आली की." मी त्याला ज्वारी काढून दिली. पोट भरतं, मान आहे, आणि गिरणीवाल्यासारखा अंगावर पिठाचा थर बसत नाही. आणखी काय पाहिजे?

बोर्डानं मात्र एकदा घोटाळा केला. मी बोर्डावर "डाउनलोड" लिहिलं नाही. आपल्या भाषेत शब्द असताना परका का वापरायचा? मी लिहिलं, "येथे गेम उतरवून मिळेल." व्याकरणात त्यात काही चूक नाही, मी एका प्राध्यापकाकडून तपासून घेतलंय. (त्यांनी एक अनुस्वार द्यायला सांगितला होता, तो मी दिला नाही. नंतर त्यांनीच मान्य केलं.) तर मुरूडची एक बाई पोराचा कान धरून दुकानात आली आणि म्हणाली, ह्याच्या अंगातला गेम उतरवून द्या, अभ्यासाला बसू देत न्हाई. पिशवीत लिंबू, बिब्बा आणि नारळ. मी तिला समजावलं की बाई, मी गेम मशीनमध्ये उतरवतो, पोराच्या अंगातून नाही. ती म्हणाली, मग बोर्ड कशाला लावला? शेवटी शरणम्मा आतून मीठमोहऱ्या घेऊन आली, पोरावरून ओवाळून टाकल्या, आणि नारळ ठेवून घेतला. आठ दिवसांनी त्या बाईनं तिची जाऊ पाठवली. आता महिन्याला दोन-तीन तरी येतात. मी त्यांना मागच्या दारानं शरणम्माकडं पाठवतो, आणि बोर्ड तसाच आहे, कारण शब्द बरोबर आहे.

आता अक्काकडं येतो. सोमेशच्या लग्नाला तुला पायामुळं येता आलं नाही, तुझ्या वतीनं तुझा मुलगा फैजान उदगीरला आला, साडी-शालू घेऊन आला, मोठ्यांच्या पाया पडला. त्यामुळं लग्न कसं झालं हे त्यानं तुला सांगितलंच असेल. पण त्यानं जे सांगितलं नसेल ते मी सांगतो. सोमेश माझा एकुलता एक भाचा. शाळेच्या सुट्ट्या त्यानं आपल्या दुकानात काढल्या. तुझ्या मांडीवर बसून तो मोटारीचा गेम खेळायचा, आणि वळण आलं की त्याच्याबरोबर तूही वाकायचास. असा तो सोमेश आता नांदेडला बँकेत आहे, आणि त्याच्या लग्नात मामाचा आहेर काय द्यायचा? कपडे केले, अंगठी घातली. पण ते सगळेच मामा करतात. मला त्याला मोटारीच्या गेमचा नवा भाग द्यायचा होता. त्याची वाट तो साखरपुड्यापासून बघत होता. (गेमची. सूनबाई साखरपुड्याला समोरच होती.)

मी हैदराबादच्या व्यापाऱ्याला बजावून सांगितलं की मला डबा पाहिजे. आहेर म्हटला की हातात देता आला पाहिजे. डबा आला. त्यावर मोटारीचं झकास चित्र, कागद गुळगुळीत. पण हातात घेताक्षणी मला कळलं. वजनच नव्हतं. आयुष्यभर डिस्का हाताळलेल्या माणसाला ते उघडून बघावं लागत नाही. (तरी मी उघडून बघितलं.) आत एक चिठ्ठी, आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं नि आकड्यांची लांबलचक माळ, मध्ये मध्ये आडव्या रेघा. ती माळ मशीनमध्ये टाइप करायची की गेम उतरतो, आणि एकदा टाकली की चिठ्ठी मेली. मी डब्यावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की सर, गेम डिजिटल आहे. मी विचारलं, मग डबा कशाला? ती म्हणाली, तुम्हाला धरायला, सर. मी तो धरून बघितला. धरायला चांगला आहे.

शरणम्मानं डबा बघितला आणि म्हणाली की लग्नात रिकामं भांडं देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घाला. मी तिला सांगितलं की हा रिकामा नाही, ह्यात शंभर जीबी आहे. ती म्हणाली, मग हलका का? मी तिला जीबी म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. किलो, मेगा, गिगा असं चढत्या क्रमानं. टेरावर येईपर्यंत ती शेजारणीकडं निघून गेली होती. साखर मी घातली नाही. जिथं शंभर जीबी आहे तिथं साखर घालणं म्हणजे मीच तो डबा रिकामा आहे असं कबूल करण्यासारखं होतं. आजही माझं मत तेच आहे. फक्त आता मी ते घरात बोलत नाही.

उदगीरला मंगल कार्यालयात आहेर कसा घेतात हे तू पाहिलंय. स्टेजखाली टेबल, टेबलामागं माइक, आणि माइकवर मृत्युंजय सर. हे दाजींचे चुलते, हायस्कूलला भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण आवाज अजून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जातो. आणि टेबलाला लागून खुर्चीवर पार्वतम्मा, म्हणजे अक्काची सासू. आलेला प्रत्येक आहेर आधी त्यांच्या हातात, मग माइकवर. माझा डबा गेला. पार्वतम्मांनी कागद काढला, डबा कानाशी धरून नारळासारखा हलवला. काही वाजेना. मग उघडला, चिठ्ठी बाजूला सारून आत हात फिरवला, आणि म्हणाल्या, "खाली हाय की गं हे." माइक चालू होता. सूनबाईकडचे पुण्याचे पाहुणे खुर्च्यांच्या खाली वाकून बघायला लागले. आपल्याकडच्यांना मात्र बरोबर कळलं. खाली म्हणजे रिकामा. नवरदेवाच्या मामानं भर मांडवात रिकामा डबा दिला. मी अक्काकडं बघितलं. ती सुनेच्या पदराची गाठ नीट करत होती. गाठ नीटच होती. तरी ती करत राहिली, मान वर केली नाही.

जिलानी, यानंतर मी जे केलं ते त्या खाली घातलेल्या मानेमुळं केलं. दुसरं कारण नाही. मी सरळ माइकपाशी गेलो आणि मृत्युंजय सरांना म्हणालो की सर, डबा रिकामा नाही, आहेर चिठ्ठीवर आहे, तो जसाच्या तसा वाचा. सरांनी चष्मा लावला. "मामा रामलिंग यांजकडून चिरंजीव सोमेश यांस," असं म्हणून त्यांनी ती माळ वाचायला घेतली. आता तू लक्षात घे, मांडवात पंखे, पोरंबाळं, बाहेर बँडवाले. एम म्हटलं काय आणि एन म्हटलं काय, सारखंच ऐकू येतं. अर्धवट झालेलं काम मला सहन होत नाही. मी सरांच्या शेजारी उभा राहून खुलासा करत गेलो. के किनवटचा. एल लोह्याचा. एम मुखेडचा, एन नांदेडचा नव्हे. एच हदगावचा. सरांना भूगोल आवडतोच, तेही रंगात आले आणि तालुक्यासोबत नदीही सांगायला लागले. एके ठिकाणी त्यांनी ओ वाचला, मी थांबवलं. म्हटलं, ओ नव्हे सर, शून्य आहे, शून्य जरा सडपातळ असतं. मागून कुणीतरी ओरडलं की ऐकू आलं न्हाई, तर सरांनी सगळी माळ पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, फळ्यावर लिहून घ्यावी तशी वाचली. अख्खा मांडव गप्प झाला. मंगलाष्टकांना झाला नव्हता इतका. संपल्यावर टाळ्या पडल्या. पार्वतम्मांनी चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि म्हणाल्या, लई मोठा मंत्र हाय. अक्कानं मान वर केली आणि माझ्याकडं बघून हसली. तेवढं हसू मात्र मी घरी घेऊन आलो. ते अजून आहे.

पुढचं तू ओळखलं असशील. दुसऱ्या दिवशी, अंगावरची हळद निघायच्या आत, सोमेशनं मशीन लावलं आणि माळ टाइप केली. मशीननं सांगितलं, हा कोड आधीच वापरला गेला आहे. त्यानं पुन्हा टाकली. मी टाकली, तालुके म्हणत म्हणत टाकली. तेच. अरे, इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात कशी आली नाही, असं तू विचारशील. आली नाही याचं कारण असं की आपल्याकडं आहेर माइकवरून सांगतात तो सगळ्यांनी ऐकावा म्हणून. तांब्याचा हंडा दिला असं माइकवर सांगितलं म्हणून कुणी ऐकता ऐकता तो हंडा घेऊन जात नाही. या जगात अशीही वस्तू निघाली आहे की जिचं नुसतं नाव ऐकलं की ती आपली होते, हे आहेराच्या रीतीला कोण सांगणार? पार्वतम्मांनी ते एका वाक्यात संपवलं. अक्काला म्हणाल्या, "तुझ्या भावानं आहेर दिला बी, आन् माइकवरून वाटून टाकला बी." हे वाक्य उदगीरमधून सासरच्या सगळ्या गोतावळ्यात फिरलं, देगलूरला पोचलं, तिथून बिदरला जाऊन कानडी होऊन परत आलं. अक्का आजवर सासरी माझ्या हुशारीच्या गोष्टी सांगत आली होती. सातवी शिकलेला माझा भाऊ इंग्रजी पुस्तकं वाचून मशीनं दुरुस्त करतो, हे तिचं नेहमीचं. आता तिनं ते सांगायचं कसं? तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "रामलिंगा, औंदा पंचमीला मी येणार न्हाई. तू तुझं उतरवत बस." आणि ठेवून दिला.

मी तपास केला. माझ्या पद्धतीनं केला. कोड वाचला तेव्हा पहिली पंगत बसलेली होती, म्हणजे तेवढ्या लोकांचे हात भातात होते. भाताच्या हातानं कुणी टाइप करत नाही, ते सुटले. (एक डावखुरा होता, त्याची मी वेगळी चौकशी केली. त्याच्याकडं बटणाचा फोन निघाला.) बँडवाले बाहेर होते. फोटोवाला दोन्ही हातांनी कॅमेरा धरून. पुण्याचे पाहुणे अजून वाकलेलेच होते. उरले वीस-पंचवीस जण, आणि त्यातले बहुतेक माझ्याच घरचे. एवढ्यावर मी आलो होतो, पुढं रस्ता नव्हता. मग मागच्या आठवड्यात सोमेशनं फोन करून सांगितलं की मामा, सापडला. मशीनमध्ये ओळखीचे लोक सध्या काय खेळून राहिलेत ते दिसतं. त्यात आमच्या ओळखीचा एक जण तोच गेम खेळताना दिसला, आणि विचारल्याबरोबर त्यानं कबूलही केलं. घरचाच माणूस आहे. त्याचं नाव इथं पत्राच्या पोटात लिहिणं मला बरं दिसत नाही.

असो. मी दुःखी आहे असं समजू नकोस. सकाळी दुकान उघडतो, फळीवर मशीनांचे हिरवे-निळे दिवे लुकलुकत असतात, ज्याचं त्याचं दळण ज्याच्या त्याच्या पोटात पडत असतं, आणि मी मधोमध बसून चहा घेतो. (कागदी ग्लासात. दुसरा घोट घेईपर्यंत तो मऊ पडतो. याविषयी मी चहावाल्याशी बोललोय.) तू नांदेडला गेलास तेव्हा मला वाटलं होतं की एकट्यानं हे दुकान निभणार नाही. निभलं. तुझी खुर्ची तशीच आहे. पाय धड झाला की ये, आणि येताना जिन्याचा विचार करून ये, दुकान अजून वरच्याच मजल्यावर आहे.

भाभींना पुन्हा आदाब. पायाचं लिहायला विसरू नकोस, आतलं अंग की बाहेरचं.

तुझा,
रामलिंग

ता. क. तो घरचा माणूस म्हणजे तुझा फैजान. त्याला काही बोलू नकोस, मी त्याच्याशी फोनवर बोललोय. मी रागावणार होतो. शब्दही जुळवून ठेवले होते. पण तो आधीच म्हणाला, "चाचा, तुम्ही इतकं साफ सांगून राहिलेत ना, की बोटं आपोआप चालली. आखरी अक्षर टाकलं आणि गेम उतरायला लागला, मग मी घाबरलो." माझ्या उच्चारांचं असं कौतुक आजवर कुणीच केलेलं नाही, सबब राग ठेवता आला नाही. त्याला परत करायचा आहे, पण परत करता येत नाही. डिस्क असती तर लातूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली असती, संध्याकाळपर्यंत इथं असती. हा गेम त्याच्या खात्याला चिकटला तो चिकटला, जन्मभर निघत नाही. सोमेशचं त्यावर काही म्हणणं नाही. तो आणि सूनबाई रविवारी तुझ्याकडं येतात ते तुझ्या पायाची विचारपूस करायला येतात असं तुला वाटत असेल. ती पाच मिनिटांत होते. बाकीचा वेळ तिघं आतल्या खोलीत मोटारी पळवतात, आणि सूनबाई दोघांनाही मागं टाकते.

ता. क. दुसरा. मी यावर पुष्कळ विचार केला, आणि हिशेब असा लागतो. अक्का तुला भाऊ मानते. आपलं दुकान नवं होतं तेव्हा तिनं पाठवलेल्या डब्यात तुझी भाकरी वेगळी बांधलेली असायची, आणि माझ्यापेक्षा एक जास्त असायची. म्हणजे तूही सोमेशचा मामाच. आता बघ, आहेर निघाला एका मामाच्या हातून आणि पोचला दुसऱ्या मामाच्या घरी. भाचा मामाच्या घरी जाऊन गेम खेळतो, जसा तो लहानपणापासून खेळत आला. आहेर वाटला गेला नाही, कुठं बाहेर गेला नाही, कुटुंबात आहे. यात कुठं खोट असेल तर दाखव. पार्वतम्मासुद्धा दाखवू शकणार नाहीत. फक्त हे त्यांच्यापर्यंत अक्कानं सांगितलं पाहिजे, आणि अक्कापर्यंत कुणीतरी.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हे पत्र मुळात याच्यासाठी लिहिलं. अक्काला फोन तू कर. पंचमीच्या आत कर. तिला हिशेब-बिशेब काही सांगू नकोस, मामा-भाच्याचंही राहू दे. नुसतं म्हण की अक्का, यंदा पाय मोडून घरात बसलोय, पण पंचमीला लातूरला येतोय, तू पण ये, रामलिंगनं झोका बांधून ठेवलाय. तुला ती नाही म्हणणार नाही. मीच केला असता. केलाही, तीनदा. पण तिनं "हां, बोल" म्हटलं की मी डाउनलोड म्हणजे काय इथून सुरुवात करतो.